सेलची पाठ

बरबँकमध्ये फ्रेमचं दुकान चालवायचं म्हटलं की सेलशी गाठ पडणारच. डिस्नेचा स्टुडिओ १९४० पासून याच गावात आहे, वॉर्नर ब्रदर्स त्याच्याही आधीपासून. इथल्या जुन्या घरांत माळ्यावर, कपाटाच्या तळाशी कधी ना कधी कार्टूनपटासाठी रंगवलेला एखादा पारदर्शक ताव, म्हणजे सेल, निघतो. त्यावर बदक, ससा नाहीतर राजकन्या, अर्ध्या पावलात थांबलेली. म्हातारा मालक गेला की मुलं तो ताव वर्तमानपत्रात गुंडाळून माझ्याकडे आणतात आणि पहिला प्रश्न विचारतात, याचे किती येतील? मी फ्रेमवाला आहे, दलाल नव्हे, हे सांगून सांगून माझी जीभ झिजली.

मी मूळचा गिरगावातला. ठाकुरद्वारला वडिलांचं तसबिरींचं दुकान होतं. दत्तगुरू, गजानन महाराज, मॅट्रिकची प्रमाणपत्रं, वारलेल्या माणसांचे मोठे करून घेतलेले फोटो, असा सगळा माल. क्वचित कुणी वाड्याच्या वाटणीत आलेलं काचचित्र घेऊन यायचं. काचेच्या मागच्या बाजूने रंगवलेले ते देव आणि त्या नटलेल्या बायका. अठराव्या-एकोणिसाव्या शतकात चिनी कारागीर खास आपल्याकडच्या गिऱ्हाइकांसाठी अशी चित्रं करत. पुढे आपल्या कारागिरांनीही ती कला उचलली. वडील ते चित्र पालथं घालून आधी पाठ बघायचे. रंग कुठे सुटलाय, कुठे नंतर कुणी डागडुजी केलीय, ते तिथेच कळतं. अमेरिकेत आल्यावर पहिला सेल हातात घेतला तेव्हा मला तो परका वाटला नाही, तो यामुळे. सेलचंही तसंच: रेघ पुढून, रंग मागून.

आता हा ताव आला कुठून ते सांगायला हवं. विन्झर मके या व्यंगचित्रकाराने १९१४ मध्ये ‘गर्टी द डायनोसॉर’ हा कार्टूनपट काढला, तेव्हा गर्टीच्या मागचे दगड, झाड आणि पाणी प्रत्येक कागदावर नव्याने काढावं लागलं. गर्टीने नुसती मान हलवली तरी अख्खा डोंगर पुन्हा काढायचा. हजारो वेळा. हे काम मकेचा शेजारी असलेला एक तरुण मुलगा करत होता. त्याच वर्षी डिसेंबरात अर्ल हर्ड या चित्रकाराने पेटंटसाठी अर्ज केला: पात्र पारदर्शक तावावर काढा, मागचं दृश्य एकदाच रंगवा, ताव त्यावर ठेवा आणि वरून कॅमेऱ्याने टिपा. पुढच्या वर्षी पेटंट मिळालं. हर्ड आणि कार्टूनपटांचा निर्माता जॉन ब्रे यांनी आपापली पेटंटं एकत्र करून कंपनी काढली आणि १९३२ पर्यंत बाकीच्या स्टुडिओंकडून परवान्याचे पैसे घेतले. ज्या कलेला आपण बालगोपाळांची म्हणतो, तिच्या मुळाशी वकिलांचा भरणा किती, हे पाहून मला गंमत वाटते.

ताव सेल्युलॉइडचा, म्हणून सेल. सुरुवातीचं सेल्युलॉइड म्हणजे नायट्रेट, सिनेमाची जुनी रिळं ज्याची असत तेच. भडकन पेट घेणारं. त्यामागून ॲसिटेट आलं, ते सहजासहजी पेटत नाही, पण त्याचं दुखणं वेगळं, त्याच्याकडे येतोच.

कारखाना कसा चाले ते डोळ्यांपुढे आणा. ॲनिमेटर पेन्सिलीने कागदावर चित्रं काढतो. कागदाच्या कडेला ठरावीक भोकं पाडलेली, ती खुंट्यांवर बसवली की एकावर एक चित्र तंतोतंत येतं. ते कागद शाईवालीकडे जातात. ती त्याच भोकांवर सेल बसवते आणि टाकाने रेघ न् रेघ उतरवून घेते. ही रेघ नुसती काळी नसते. डिस्नेच्या मोठ्या चित्रपटांत गालाची रेघ तपकिरी, निळ्या झग्याची रेघ गडद निळी, अशा रंगीत रेघा. हात थरथरला तर पडद्यावर पात्राची कड थरथरणार, कारण पडद्यावर तीच रेघ कितीतरी पट मोठी दिसते. मग सेल जातो रंगवालीकडे. ती तो पालथा घालते आणि मागून रंग भरते. हातात पांढरे सुती मोजे, ब्रश धरायची बोटं तेवढी कापून मोकळी ठेवलेली.

हे रंग डिस्ने स्टुडिओ स्वतःच बनवत असे. त्यांत गमअरॅबिक, म्हणजे आपल्या बाभळीच्या गोतावळ्यातल्या झाडाचा डिंक. रंगांच्या बाटल्यांना नंबर. आणि इथे एक भानगड होती, जी मला या सगळ्या धंद्यातली सर्वांत हुशार गोष्ट वाटते. एका चौकटीत चार-पाच सेल एकावर एक असू शकतात: खाली राणी, वर तिचा हात, त्यावर परी. सेल कितीही पारदर्शक म्हटला तरी थोडा रंग खातोच. म्हणजे तळाच्या सेलवरचा लाल वरच्या लालपेक्षा मळका दिसणार. म्हणून तळाचा रंग जरा उजळ कालवायचा, वरचा जरा कमी, आणि पडद्यावर दोन्ही सारखे दिसले पाहिजेत. एखादं पात्र प्रसंगातून निघून गेलं तर त्याच्या जागी कोरा सेल ठेवायचा. नाहीतर एकदम सगळं दृश्य उजळून निघेल. प्रेक्षकाला हे कधी कळू नये, यासाठीच ही सगळी धडपड.

माझी धाकटी मावशी सत्तरच्या दशकात ताडदेवला एका जाहिरातपटाच्या स्टुडिओत हेच काम करायची. सुट्टीत आम्ही तिच्याकडे गेलो की तिच्या नखांत कुठला ना कुठला रंग असायचा. ती सांगायची, रंग भिंतीला देतात तसा फासायचा नाही. ब्रशवर भरपूर रंग घ्यायचा, मधे थेंब सोडायचा आणि तो थेंब हलक्या हाताने रेघेपर्यंत ढकलत न्यायचा. रेघेच्या जाडीच्या आत थांबायचं. ओढलात की ब्रशचे ओरखडे उठतात आणि दिवा लागला की ते उजेडात दिसतात. वाळायच्या आत शेजारचा रंग लावलात तर दोन्ही एकमेकांत शिरतात. दिवसाला अमुक इतके ताव झालेच पाहिजेत, असा हिशोब असायचा. तिने रंगवलेला एकही ताव घरात नाही. जाहिरात झाली की धुऊन टाकायचे, असं ती सांगायची.

मुंबईत या कामाची पद्धतशीर शिकवणी झाली ती डिस्नेच्याच माणसाकडून. पुण्यात प्रभातने १९३४ मध्येच ‘जंबूकाका’ नावाचा कार्टूनपट काढला होता, ती वेगळी हौस. पण फिल्म्स डिव्हिजनने पन्नासच्या दशकात कार्टून विभाग काढला, तेव्हा अमेरिकेच्या तांत्रिक मदतीच्या योजनेतून क्लेअर वीक्स आले. मिशनऱ्यांच्या घरात भारतातच जन्मलेला हा माणूस पुढे डिस्नेकडे ‘बँबी’ आणि ‘पीटर पॅन’वर काम करून आला होता. त्यांच्या हाताखाली जी मुलं तयार झाली त्यांत ॲनिमेटर राम मोहन होते. जातककथेवरचा ‘द बनियन डियर’ हा १९५७ चा चित्रपट त्या शिकवणीतूनच निघाला. मावशीला ब्रश कसा धरायचा ते ज्यांनी शिकवलं, त्यांना शिकवणारे बहुधा याच परंपरेतले असावेत. मला तेवढंच नातं पुरतं.

डिस्नेकडे शाई आणि रंगाचं खातं बायकांचं. वॉल्ट डिस्नेची बायको लिलियन लग्नाआधी याच कामावर होती. तिची बहीण हेझल स्यूअल पुढे या खात्याची प्रमुख झाली. ‘स्नो व्हाइट’ हा चित्रपट ८३ मिनिटांचा. सेकंदाला २४ चौकटी धरल्या तरी एक लाख वीस हजारांच्या घरात चौकटी होतात, आणि एका चौकटीला सेल एकच असेल असं नाही. २१ डिसेंबर १९३७ ला लॉस एंजेलिसच्या कार्थे सर्कल थिएटरात पहिला खेळ होता. त्याआधीचे महिने या बायकांनी रात्रीचा दिवस करून काढले. स्नो व्हाइटचे गाल नुसत्या रंगाने कोरडे दिसायला लागले, तेव्हा त्यावर लालीचा हलका हात फिरवायची शक्कलही याच खात्यातली. हेलन ऑगर या बाईचा हात त्यात सर्वांत तरबेज. प्रत्येक सेलवर, प्रत्येक चौकटीत, लाली तेवढीच आणि त्याच जागी बसली पाहिजे. नाहीतर पडद्यावर गाल लुकलुकायला लागतील.

आणि तरीही पुढच्याच वर्षी, जून १९३८ मध्ये, कामासाठी अर्ज करणाऱ्या एका मुलीला स्टुडिओने जे उत्तर पाठवलं ते आजही प्रसिद्ध आहे. कागदावर स्नो व्हाइट आणि सात बुटके छापलेले. मजकूर असा की चित्रपट घडवण्याचं सर्जनशील काम पुरुषच करतात. बायकांना खुलं असलेलं काम म्हणजे सेल्युलॉइडवर शाईने गिरवणं आणि पाठीमागून सांगितल्याप्रमाणे रंग भरणं. उत्तरावर सही एका बाईची. हे पत्र मी पहिल्यांदा वाचलं तेव्हा त्या ‘सांगितल्याप्रमाणे’पाशी अडकलो. रंगाचा नंबर सांगता येतो. थेंब कुठवर ढकलायचा ते कुणी सांगत नाही. (तो नियमही फार टिकला नाही, १९४२ च्या ‘बँबी’मध्ये रेटा स्कॉट या बाईचं नाव ॲनिमेटर म्हणून झळकलं.)

काम झालेल्या सेलचं पुढे काय व्हायचं? बहुतेकांचं काहीच नाही. रंग डिंकाचा असल्याने पाण्याने निघतो, म्हणून धुऊन पुन्हा वापरायचे. ओरखडे पडले की फेकायचे. नायट्रेटचे साठवणं धोक्याचं, म्हणून तेही नष्ट करायचे. तरुण पोरं स्टुडिओच्या फरशीवर सेल टाकून त्यावरून घसरायची, असंही सांगतात. वॉर्नरच्या कार्टून विभागाचे जुने सेल जागा अडते म्हणून गेले. म्हणून बग्ज बनीचा चाळीसच्या दशकातला सेल आज सापडणं मुश्कील. मालकांच्या लेखी वस्तू म्हणजे फिल्म. सेल हा त्या फिल्मच्या वाटेवरचा भुसा.

या भुशाला पहिली किंमत दिली सॅन फ्रान्सिस्कोच्या गथ्री कूर्व्हॉझिए याने. त्याची चित्रांची गॅलरी होती. १९३८ मध्ये त्याने डिस्नेशी करार केला आणि ‘स्नो व्हाइट’चे काही हजार सेल चित्र म्हणून बाजारात आणले. किंमत पाच डॉलरपासून पुढे. १९३९ मध्ये न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन म्युझियमने ‘स्नो व्हाइट’मधल्या गिधाडांचं चित्र आपल्याकडे घेतलं, तेव्हा वर्तमानपत्रांना चघळायला चांगला विषय मिळाला. कूर्व्हॉझिएने एक केलं: सेल जसाच्या तसा विकला नाही. पात्राच्या कडेकडेने सेल कापला, मागे लाकडाचा पातळ पापुद्रा, ठिपक्यांचा कागद किंवा फवाऱ्याने रंगवलेलं आभाळ लावलं, पात्र त्यावर चिकटवलं, माउंट केला आणि मागे छापील लेबल डकवलं. आरंभी हे काम डिस्नेच्याच स्टुडिओत व्हायचं, पुढे कूर्व्हॉझिएकडे.

हा माणूस माझ्या धंद्याचा उपकारकर्ता आणि शत्रू, दोन्ही. तो नसता तर ‘स्नो व्हाइट’चे इतके सेल आज उरले नसते, हे मान्य. पण त्याने केलेलं पॅकिंग उघडायला घेतलं की माझा जीव टांगणीला लागतो. एक प्रसंग सांगतो. डोपी, म्हणजे सातांतला मुका बुटका. लाकडी पापुद्र्यावर चिकटवलेला, जुनं माउंट. काच काढली. सेल आक्रसला होता, कारण नायट्रेट वर्षानुवर्षं आकसतं. पण मागची फळी आकसलेली नाही, आणि गोंद चार ठिकाणीच धरून बसलेला. त्यामुळे मधे लाटा. डोपीच्या हिरव्या अंगरख्याचा रंग एका कोपऱ्यात सेलपासून सुटून पापुद्र्यासारखा उभा राहिलेला, फुंकर मारली तर उडेल असा. लाकडातल्या आम्लाने खालचा पुठ्ठा पिवळा पडलेला. गिऱ्हाईक म्हणतं, नवा माउंट करा, छान क्रीम रंगाचा. आता हे ‘छान’ केलं तर चित्राची अर्धी किंमत गेली, कारण बाजारात कूर्व्हॉझिएचं माउंट आणि मागचं लेबल हेच चित्राच्या खरेपणाचं प्रमाण. शेवटी माउंट तेच ठेवलं, काच आणि सेल यांच्यामध्ये अंतर सोडणारी पट्टी घातली, अतिनील किरण अडवणारी काच लावली आणि रंगाला हात न लावता ते चित्र दुरुस्ती करणाऱ्या तज्ज्ञाकडे धाडलं. आम्ही फ्रेमवाल्यांनी रंगाला हात लावू नये, हा माझा नियम. गरम इस्त्रीने चिकटवायची मशीनं दुकानात असतात, ती सेलच्या जवळही नेऊ नयेत.

१७ जुलै १९५५ ला डिस्नेलँड उघडलं. त्याच वर्षी तिथे आर्ट कॉर्नर नावाचं दुकान निघालं, टुमॉरोलँडमध्ये. तिथे काम झालेले सेल एक-दोन डॉलरना मिळत, माउंटच्या पाठीवर सोनेरी लेबल, की हा सेल खरोखर चित्रपटात वापरलेला आहे. लोक आईस्क्रीमबरोबर तो घ्यायचे. सहलीची आठवण. मुलांच्या खोलीत भिंतीला चिकटपट्टीने लावायचे. साठच्या दशकाच्या मध्यात ते दुकान बंद झालं.

नव्वदच्या दशकात माझ्याकडे एक वयस्क बाई आल्या. बरोबर ‘स्लीपिंग ब्यूटी’मधली निळी परी, मेरीवेदर. आर्ट कॉर्नरचं सोनेरी लेबल शाबूत. बोलता बोलता कळलं की ‘स्लीपिंग ब्यूटी’च्या वेळी त्या स्वतः रंगाच्या खात्यात होत्या, लग्नानंतर काम सोडलं. हा सेल त्यांनी मुलांना डिस्नेलँडला नेलं तेव्हा तिकिटाच्या रांगेतून सुटल्यावर पैसे देऊन घेतला होता. मी माउंट उघडलं, सेल पालथा केला. त्या चष्मा लावून कितीतरी वेळ पाहत राहिल्या. मग बोट, स्पर्श न करता, झग्याच्या कडेवरून फिरवत म्हणाल्या, "हा हात माझा नाही. माझा रंग कडेला जाड बसायचा, मला त्यावरून बोलणी खावी लागायची. ही कुणीतरी हलक्या हाताची आहे." मी विचारलं, कोण असेल? त्यांनी दोन-तीन नावं घेतली. नुसती पहिली नावं, आणि मग त्या कोण कुठे बसायची, कोण जेवणाच्या सुट्टीत विणायची, हे सांगत राहिल्या. मला त्या पाठीवर निळ्याचे दोन थर दिसत होते, एक वाळल्यावर दुसरा दिलेला, आणि पंखाजवळ ब्रश उचलल्याची छोटी शेंडी. पुढच्या बाजूने यातलं काही दिसत नाही. पुढून फक्त मेरीवेदर.

‘स्लीपिंग ब्यूटी’ १९५९ चा. हाताने शाई केलेला डिस्नेचा तो शेवटचा मोठा चित्रपट. खर्च साठ लाख डॉलर, तेव्हा डोळे पांढरे करणारा. पुढच्याच चित्रपटासाठी, १९६१ च्या ‘वन हंड्रेड अँड वन डाल्मेशियन्स’साठी, अब आयवर्क्स या जुन्या साथीदाराने झेरॉक्सचं यंत्र वापरून पेन्सिलीची रेघ थेट सेलवर उतरवायची सोय केली. शंभर कुत्र्यांच्या अंगावरचे ठिपके हाताने गिरवायचे म्हटलं असतं तर तो चित्रपट निघालाच नसता, हेही खरं. पण शाईवाल्या बायकांपैकी पुष्कळ जणींचं काम त्यात गेलं. रंग मात्र हातानेच राहिला. म्हणून साठ-सत्तरच्या दशकातला सेल ओळखायचा तर रेघ पाहा: काळी, जरा खरबरीत, पेन्सिलीसारखी.

बाजार तापला तो ऐंशीच्या दशकात. जॉन बास्मजियन नावाचा एक माणूस चाळीसच्या दशकात डिस्नेकडे कामाला होता. टाकून द्यायची चित्रं आणि सेल त्याने परवानगीने घरी नेले आणि जपून ठेवले. १९८४ च्या डिसेंबरात न्यूयॉर्कला क्रिस्टीजने त्या संग्रहाचा लिलाव मांडला, तेव्हा डिस्ने कंपनी कोर्टात गेली. कोर्टाने लिलाव थांबवायला नकार दिला. त्या निकालाने एक गोष्ट पक्की झाली: चित्रातल्या पात्राचे हक्क कंपनीचे असतील, पण ताव ज्याच्या हातात त्याचा. त्यानंतर पाच वर्षांत ‘ऑर्फन्स बेनिफिट’ या १९३४ च्या कृष्णधवल कार्टूनमधला सेल त्याच्या मूळ पार्श्वभूमीसह २,८६,००० डॉलरना गेला. १९८९ मध्येच ‘हू फ्रेम्ड रॉजर रॅबिट’चे सेल सोदबीजने लिलावात काढले, चित्रपट येऊन जेमतेम वर्ष होत होतं. ज्या मालाला कालपर्यंत कचऱ्याचा डबा होता, तो आता वर्षभरातच विकाऊ ठरला.

संग्राहकांची उतरंड तेव्हापासून ठरलेली. सर्वांत वर मूळ पार्श्वभूमीसकट सेल, ज्या दोघांची चौकट पडद्यावर खरंच एकत्र आली होती असा. कारण एका दृश्याला शेकडो सेल, पण पार्श्वभूमी एकच. मग डोळे उघडे असलेलं पात्र. मिटलेल्या डोळ्यांचं स्वस्त. पाय कापले गेलेलं त्याहून स्वस्त. खालच्या कडेला दृश्याचा क्रमांक आणि चित्राचा क्रमांक असला तर बरं. पुढे ‘लिमिटेड एडिशन’ आले, म्हणजे हाताने रंगवलेले पण चित्रपटात कधीच न वापरलेले. आणि त्याखाली सिल्कस्क्रीन छपाईचे ‘सेरिसेल’. एका विक्रेत्याने सेरिसेलला अस्सल सेल म्हणून विकलेलं माझ्याकडे आलेलं आहे. पाठ पाहताच कळलं. छापलेल्या रंगाची पाठ एकसारखी सपाट असते, थेंब ढकलल्याच्या लाटा तिला नसतात. गिऱ्हाइकाला हे सांगायला मला जड गेलं, कारण त्याने मुलीच्या जन्माला ते घेतलं होतं.

१९८९ चा ‘द लिटिल मर्मेड’ हा डिस्नेचा हाताने रंगवलेल्या सेलवरचा शेवटचा मोठा चित्रपट. पिक्सारबरोबर तयार केलेल्या संगणकाच्या यंत्रणेवर १९९० चा ‘द रेस्क्यूअर्स डाउन अंडर’ पूर्ण रंगवला गेला. जपानात सेल जास्त टिकला. १९९७ चा ‘प्रिन्सेस मोनोनोके’ मुख्यतः सेलवरच. दर रविवारी लागणारी ‘साझाए-सान’ तर २०१३ पर्यंत सेलवर निघत होती. माझ्याकडे आता तरुण गिऱ्हाइकं येतात ती बहुतेक जपानी मालिकांचे सेल घेऊन. त्यांत पाठीला पेन्सिलीचं मूळ रेखाचित्र चिकटून बसलेलं असतं, कारण रंग ओला असताना कागद मधे ठेवलेला. ते ओढून सोडवायचं नाही. ओढलंत तर पात्राचा चेहरा कागदाबरोबर येतो.

ॲसिटेटचं दुखणं म्हणालो होतो, ते आता. ॲसिटेट म्हातारं झालं की त्यातून ॲसेटिक ॲसिड सुटतं. पेटी उघडताच व्हिनेगरचा वास येतो. ताव वाकतो, चिकट होतो, आणि त्याची वाफ शेजारच्या सेलला लागते. म्हणून सेल हवाबंद करू नये. आत कोंडलेली वाफ त्यालाच खाते. दुसरं दुखणं डिंकाचं. कॅलिफोर्नियाच्या कोरड्या हवेत डिंकाचा रंग तडकतो, पोपडे धरतो. गेटी कॉन्झर्व्हेशन इन्स्टिट्यूट आणि डिस्नेची ॲनिमेशन रिसर्च लायब्ररी यांनी मिळून या रंगांचा अभ्यास केला, आणि उपाय निघाला तो मला फार आवडला: सेल काही काळ जपून दमट हवेत ठेवला की डिंक ओलावा पितो, मऊ होतो आणि सुटलेला रंग आपोआप पुन्हा सेलला धरतो. नवा गोंद नाही, नवा रंग नाही. म्हणजे ज्या दमट हवेने गिरगावात आमच्या दुकानातल्या तसबिरींना बुरशी आणली, ती इथे औषध.

२०१७ मध्ये मिंडी जॉन्सन यांचं डिस्नेच्या शाई-रंग खात्यातल्या बायकांवरचं जाडजूड पुस्तक आलं. नावं, फोटो, टेबलांच्या रांगा. तोवर गिऱ्हाईक विचारायचं, हा सेल कुठल्या ॲनिमेटरच्या चित्रावरून? त्याची उत्तरं पुस्तकांत सापडतात. आता काही जण विचारतात, रंगवला कुणी? त्याचं उत्तर एकेका सेलपुरतं देता येत नाही. खात्याच्या यादीतून मोजक्या बायकांची नावं कळतात, पण ही निळी परी अमुकच्या टेबलावर होती, हे सांगणारा कागद बहुतेक वेळा नाही.

म्हणून मी एक सोय ठेवली आहे. फ्रेमच्या पाठपुठ्ठ्यात खिडकी कापतो, तिथेही आम्लमुक्त कड आणि काच, म्हणजे फ्रेम भिंतीवरून काढून उलटी धरली की रंगाची बाजू दिसते. एरवी अशी खिडकी लोक कूर्व्हॉझिएचं किंवा आर्ट कॉर्नरचं लेबल दिसावं म्हणून मागतात. मी ती लेबलाच्या शेजारी थोडी मोठी करतो. चाळीस डॉलर जास्त पडतात. पुष्कळ जण म्हणतात, भिंतीला टांगल्यावर मागून कोण बघणार? ज्यांची आजी किंवा मावशी कधी अशा खात्यात होती ते मात्र घासाघीस न करता देतात. त्या मेरीवेदरच्या बाईंनी तर सांगितलं होतं की पुढची काच साधी चालेल, मागची चांगली लावा.